गळ्यातील नळीचा कागद : सही करण्यापूर्वी दोन पद्धती समजून घ्या

शिरूर तालुक्यातून पुणे-नगर रस्ता जातो आणि दौंड तालुक्यातून पुणे-सोलापूर रस्ता. तिकडे रांजणगावची एम.आय.डी.सी., इकडे कुरकुंभची. रात्रपाळी करून दुचाकीवर घरी निघालेला कामगार, उसाने भरलेली दिवा नसलेली ट्रॉली आणि भरधाव जाणारा कंटेनर, तिघेही एकाच रस्त्यावर. डोक्याला मार लागलेला रुग्ण तालुक्याच्या गावी प्रथमोपचार घेऊन पुण्यास जातो, ही गोष्ट आता आपल्या भागात कोणाला नवी राहिलेली नाही. फवारणीचे औषध पोटात गेलेला शेतमजूर, झोपेत मण्यार चावलेली बाई, पक्षाघात झालेला वडीलधारा माणूस, यांचीही वाट तीच. पुण्याच्या आय.सी.यू.त रुग्णाच्या तोंडातून नळी घातली जाते, व्हेंटिलेटर लागतो आणि घरची माणसे बाहेर जिन्यात चटई टाकून बसतात.

आठ-दहा दिवस असे गेले की एके दिवशी डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, "पेशंटची ट्रॅकिऑस्टॉमी करावी लागेल. गळ्यातून नळी घालायची आहे. येथे सही करा." कधी त्याबरोबर औषधाच्या दुकानाची चिठ्ठीही मिळते, "हे किट घेऊन या." आणि जिन्यात चर्चा सुरू होते. कोणी म्हणते, "गळा कापायचा म्हणजे आता काही राहिले नाही." कोणी म्हणते, "दाजी, सही देऊ नका, माणूस कायमचा मुका होईल." कोणी म्हणते, "बिल वाढवायचा हा धंदा आहे." सही कोणी करायची, यावरून सख्ख्या भावांत वाद होतात. डॉक्टरांनी उच्चारलेला तो एक शब्द नीट समजावून सांगणारे मात्र तेथे कोणीच नसते.

आम्ही डॉक्टर नाही. कचेरीत खर्डेघाशी करणारी आणि उरलेल्या वेळात वस्तीतल्या रुग्णांबरोबर दवाखान्याच्या खेपा घालणारी आम्ही माणसे. परंतु हा प्रश्न इतक्या घरांपुढे येतो, की त्याची माहिती सोप्या भाषेत आपल्या कुटुंबांपर्यंत पोहोचविणे आम्हांस आवश्यक वाटते. ही माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेण्यासाठी नाही. डॉक्टरांशी बोलताना आपल्याला चार प्रश्न नीट विचारता यावेत, एवढाच हेतू आहे.

तोंडातील नळी आणि गळ्यातील नळी

आपण नाका-तोंडाने घेतलेली हवा स्वरयंत्रातून खाली उतरते व श्वासनलिकेतून फुप्फुसांत जाते. श्वासनलिका म्हणजे गळ्यात हाताला लागते ती कडक नळी. तिच्यावर कूर्चेची कडी एकाखाली एक असतात. रुग्ण बेशुद्ध असला किंवा त्याचे श्वासाचे स्नायू काम करीत नसले, की डॉक्टर प्रथम तोंडातून नळी घालतात. ती स्वरयंत्राच्या पडद्यांमधून खाली जाते. तातडीच्या वेळी हाच जलद आणि योग्य उपाय असतो.

परंतु तीच नळी पुष्कळ दिवस राहिली तर ओठांना व जिभेला जखमा होतात, तोंड स्वच्छ ठेवता येत नाही, स्वरयंत्रावर दाब पडतो. शुद्धीवर येणाऱ्या माणसाला घशातील नळी सहन होत नाही, म्हणून त्याला गुंगीचे औषध देत राहावे लागते. गुंगीत ठेवलेला माणूस स्वतःचा श्वास स्वतः घेण्यास शिकत नाही. मग व्हेंटिलेटर सुटत नाही आणि आय.सी.यू.चा एकेक दिवस वाढत जातो.

ट्रॅकिऑस्टॉमी म्हणजे स्वरयंत्राच्या खाली, साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या कड्याच्या दरम्यान, श्वासनलिकेला छोटे छिद्र करून त्यातून आखूड नळी बसविणे. तोंड मोकळे होते. गुंगीचे औषध कमी करता येते. कफ ओढून काढणे सोपे होते. रुग्णाला उठवून बसविता येते आणि व्हेंटिलेटर हळूहळू कमी करता येतो. बऱ्याच रुग्णांना पुढे आय.सी.यू.तून बाहेर काढता येते.

येथे दोन गैरसमज दूर करणे जरूर आहे. पहिला, हा उपचार मूळ आजार बरा करीत नाही. मेंदूला मार लागला असेल तर तो मार गळ्यातील नळीने भरून येत नाही. नळी फक्त वेळ मिळवून देते. दुसरा, नळी बसली म्हणजे माणूस कायमचा मुका झाला, हे खरे नाही. हवा स्वरयंत्रापर्यंत जात नाही म्हणून आवाज उमटत नाही. स्वरयंत्र तर जागेवरच असते. सुधारलेल्या रुग्णाला नळीवर एकमार्गी झडप लावून बोलता येते. ही बोलण्याची झडप शोधून काढणारा डेव्हिड म्यूर हा अमेरिकन तरुण स्वतः स्नायूंच्या आजाराने व्हेंटिलेटरवर होता. गरज संपल्यावर नळी काढली की छिद्र बहुधा काही दिवसांत आपोआप बुजते.

घटसर्पापासून आय.सी.यू.पर्यंत

हा उपचार काल-परवाचा नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात घटसर्पाने गुदमरणाऱ्या मुलांचे प्राण वाचविण्यासाठी फ्रान्सच्या त्रुसो या डॉक्टराने तो मोठ्या प्रमाणावर वापरला. १९०९ साली अमेरिकेतील शेव्हालिए जॅक्सन यांनी शस्त्रक्रियेची पद्धत नीट बांधून दिली. तोपर्यंत या शस्त्रक्रियेत दगावणाऱ्यांचे प्रमाण फार होते. छिद्र नेमके कोठे आणि कसे करावे याची शिस्त लागल्यावर ते झपाट्याने उतरले.

१९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण तीन दिवसांच्या आत गेले. तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र करवून नळी बसविली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. मग वैद्यकीय महाविद्यालयातील सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबू लागले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. अशा रुग्णांना एका जागी ठेवून त्यांच्याकडे अखंड लक्ष द्यावे, या विचारातून आजचा अतिदक्षता विभाग उभा राहिला.

हे फार दूरचे वाटत असेल तर जानेवारी २०२५ आठवावा. पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागांत गुलेन-बारी सिंड्रोम अर्थात जी.बी.एस.ची साथ आली. २०० हून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. या आजारात शरीराची रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पायांतून सुरू झालेली कमजोरी छातीपर्यंत चढली की व्हेंटिलेटर लागतो. मज्जातंतू सुधारतात, पण त्याला अनेक आठवडे, कधी महिने लागतात. एवढा काळ तोंडातील नळीवर काढणे कठीण, म्हणून अशा रुग्णांत गळ्यातील नळीचा विचार करावा लागतो. दूषित पाण्याने सुरू झालेला आजार व्हेंटिलेटरपर्यंत जाऊ शकतो, हे त्या साथीने दाखविले.

पहिली पद्धत : शस्त्रक्रियेची

हिला उघडी पद्धत म्हणतात. कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा सर्जन ती करतात. गळ्याच्या खालच्या भागात कातडीला काही सेंटिमीटरचा छेद घेतात. आतील स्नायू बाजूला सारतात. श्वासनलिकेपुढे थायरॉइड ग्रंथीचा जो पट्टा येतो तो वर सरकवितात किंवा बांधून कापतात. मग श्वासनलिका डोळ्यांना स्पष्ट दिसते, तिला छिद्र करून नळी बसवितात. रक्त येऊ लागले तर ती रक्तवाहिनी दिसते व बांधता येते, हा या पद्धतीचा मोठा गुण.

बहुधा हे काम ऑपरेशन थिएटरमध्ये होते. म्हणजे व्हेंटिलेटरवरील रुग्णाला त्याच्या नळ्या, पंप आणि ऑक्सिजनसह आय.सी.यू.तून थिएटरपर्यंत न्यावे व परत आणावे लागते. अत्यवस्थ रुग्णाच्या बाबतीत ही ने-आण स्वतःच एक जोखीम असते. थिएटर मोकळे मिळेपर्यंत थांबावे लागते आणि थिएटरचा आकार बिलात येतो, ते वेगळेच. काही ठिकाणी सर्जन हीच शस्त्रक्रिया आय.सी.यू.त खाटेवरही करतात.

दुसरी पद्धत : सुई, तार आणि रुंदक

१९८५ साली अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील पास्क्वाले चालिया या छातीच्या सर्जनने दुसरी वाट दाखविली. तिचे मूळ तत्त्व स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ साली रक्तवाहिन्यांसाठी शोधले होते : आधी बारीक सुई, सुईतून तार, तारेवरून नळी. चालियांनी ते श्वासनलिकेला लावले. हिला त्वचेतून केलेली, इंग्रजीत परक्युटेनियस पद्धत म्हणतात.

रुग्णाला पूर्ण गुंगी देऊन, खाटेवरच, गळ्याला एक-दीड सेंटिमीटरचा छोटा छेद घेतात. सलाईनचे पाणी भरलेली सिरिंज लावून सुई आत घालतात. सिरिंजमध्ये हवेचे बुडबुडे आले की सुई श्वासनलिकेत पोहोचली. सुईतून मऊ टोकाची तार आत सोडतात व सुई काढून घेतात. मग तारेवरून रुंदक, म्हणजे छिद्र हळूहळू रुंद करणारे साधन, आत सरकवितात आणि शेवटी नळी बसवितात. सराव असलेल्या हातांना साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात. आय.सी.यू.चे तज्ज्ञ डॉक्टर हे काम करू शकतात.

चालियांच्या मूळ पद्धतीत लहानापासून मोठे असे अनेक रुंदक एकामागून एक वापरीत. पुढे गेंड्याच्या शिंगासारखा निमुळता, पाण्याने बुळबुळीत होणारा एकच रुंदक आला; आज बहुतेक ठिकाणी तोच चालतो. १९९० साली ऑस्ट्रेलियाच्या ग्रिग्ज यांनी तारेवरून जाणारा विशेष चिमटा काढला. तो उघडला की छिद्र रुंद होते. इटलीत फँटोनी यांनी आतून बाहेर नळी ओढण्याची पद्धत १९९७ साली मांडली. स्क्रूसारखा फिरवायचा रुंदक आणि फुगा फुगवून छिद्र रुंद करणे, हेही प्रकार निघाले. त्यांची तुलना झाली तेव्हा चिमट्याच्या पद्धतीत किरकोळ त्रास, विशेषतः रक्तस्राव, जास्त दिसला. आतून बाहेर ओढण्याच्या पद्धतीत अडचणी जास्त आल्या. एका रुंदकाची पद्धत सोपी आणि भरवशाची ठरली.

या पद्धतीत डॉक्टरांना आतले थेट दिसत नाही, ही तिची उणीव. म्हणून दोन साधनांची मदत घेतात. तोंडातील नळीतून दुर्बीण, म्हणजे ब्राँकोस्कोप, घालून सुई मध्यभागी आली की नाही ते आतून पाहतात. आणि आधी गळ्याची सोनोग्राफी करून वाटेत मोठी रक्तवाहिनी नाही ना, याची खात्री करतात.

दोहोंचा ताळेबंद

हिशेबाच्या वहीत दोन्ही बाजू मांडल्याशिवाय शिल्लक कळत नाही. येथेही तसेच.

२०१६ साली कॉक्रेन या जगप्रसिद्ध संस्थेने २० चाचण्या व १,६५२ रुग्ण एकत्र घेऊन या दोन पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. मृत्यूच्या प्रमाणात दोहोंत खात्रीचा फरक आढळला नाही. मोठ्या रक्तस्रावातही नाही. मात्र छिद्राच्या जागी जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण सुईच्या पद्धतीत सुमारे एक चतुर्थांश इतकेच होते आणि वाईट व्रण राहण्याचे प्रमाणही तेवढेच कमी. कारण समजण्यासारखे आहे. छेद लहान, आणि नळी छिद्रात घट्ट बसते; जंतूंना जागा कमी.

म्हणून आय.सी.यू.तील प्रौढ रुग्णासाठी, आधीपासून ठरवून करावयाच्या वेळी, आज सुईची पद्धत बहुतेक ठिकाणी पहिली निवड मानली जाते. पण ती प्रत्येकासाठी नाही. लहान मूल, गलगंड किंवा गळ्यातील गाठ, पूर्वी गळ्यावर झालेली शस्त्रक्रिया, फार आखूड व जाड मान, गळ्याची भाजलेली किंवा जंतुसंसर्ग झालेली कातडी, रक्त गोठण्यातील मोठा दोष, मानेचे हाड मोडल्यामुळे मान मागे करता न येणे, अशा वेळी डॉक्टर उघड्या शस्त्रक्रियेकडे वळतात. तेव्हा "शेजारच्या पेशंटचे खाटेवरच झाले, आमच्या माणसाला थिएटरमध्ये का नेता?" असा राग धरू नये. कारण मात्र अवश्य विचारावे.

एक फरक सर्वांनी ध्यानात ठेवावा. सुईच्या पद्धतीत ऊतक कापलेले नसून ताणलेले असते. म्हणून पहिल्या सात-दहा दिवसांत नळी चुकून निसटली तर वाट लगेच मिटते आणि नळी परत घालू जाता ती भलत्याच जागी जाण्याचा धोका असतो. अशा वेळी डॉक्टर सहसा पुन्हा तोंडातून नळी घालून श्वास सुरू ठेवतात. पहिली नळी बदलण्यास या पद्धतीत सात ते दहा दिवस थांबतात. उघड्या शस्त्रक्रियेत ती वाट लवकर तयार होते. म्हणून रुग्णास कूस देताना, चादर बदलताना, नळी ओढली जाणार नाही याची काळजी सिस्टर, मावशी आणि नातेवाईक सर्वांनीच घ्यावयाची असते.

धोके दोन्ही पद्धतींत आहेत. रक्त येणे, कफाने नळी तुंबणे, नळी निसटणे, क्वचित फुप्फुसाभोवती हवा साठणे, आणि पुढे श्वासनलिका अरुंद होणे. नळीच्या टोकाशी जो फुगा असतो त्याचा दाब साधारण पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटरइतका ठेवावयाचा असतो; दाब फार झाला तर श्वासनलिकेची आतली त्वचा मरते. क्वचित नळी घासून मोठ्या रक्तवाहिनीला भोक पडते. म्हणून काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी नळीतून अचानक ताजे लाल रक्त आले, मग ते थोडे का असेना, ताबडतोब डॉक्टरांना सांगावे.

घाई किती करावी?

"आजच सही द्या, उशीर झाला तर आम्ही जबाबदार नाही," असे शब्द ऐकले की घरची माणसे हबकून जातात. या बाबतीत इंग्लंडमधील एक मोठी चाचणी आपल्या उपयोगाची आहे. ट्रॅकमन नावाच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. ९०९ रुग्णांपैकी निम्म्यांना पहिल्या चार दिवसांत ट्रॅकिऑस्टॉमी करावयाची आणि निम्म्यांना दहा दिवसांनंतर, तीही तेव्हा गरज असली तरच, असे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविले होते. तीस दिवसांत दगावलेल्यांचे प्रमाण लवकर गटात ३०.८ टक्के आणि उशिराच्या गटात ३१.५ टक्के निघाले. म्हणजे फरक नाहीच. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे उशिराच्या गटातील फक्त ४४.९ टक्के रुग्णांनाच ट्रॅकिऑस्टॉमी करावी लागली. बाकीचे एक तर सुधारून नळीतून मोकळे झाले, नाहीतर त्याआधीच गेले. गंभीर पक्षाघाताच्या रुग्णांवरील २०२२ सालच्या चाचणीतही लवकर केल्याने सहा महिन्यांनंतरच्या स्थितीत ठळक फायदा दिसला नाही.

याचा अर्थ चौथ्या-पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आणखी दोन-तीन दिवस वाट पाहू," तर ते हयगय करतात असे नाही. तसेच आपण विचार करण्यास एक दिवस मागितला तर आपण आपल्या माणसाचा जीव घेतला, असेही नाही. मण्यार चावलेल्या पुष्कळ रुग्णांना लस आणि काही दिवसांचा व्हेंटिलेटर मिळाला की तोंडातील नळीवरच निभावते. उलट मानेचा कणा दुखावलेल्या किंवा जी.बी.एस.च्या रुग्णास व्हेंटिलेटर लांबणार हे लवकर दिसते. तेथे डॉक्टर आधी सुचवू शकतात. एक अपवाद कधीही विसरू नये. घशाला सूज येऊन, गाठीमुळे किंवा चेहरा चिरडून श्वासाची वाट वरूनच बंद झाली असेल आणि तोंडातून नळी जातच नसेल, तर तेथे मिनिटांचा हिशेब असतो. तेथे सल्लामसलत करीत बसू नये.

सही करण्यापूर्वी विचारा

सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितले आहे की, उपचार काय आहे, त्याचे फायदे-तोटे काय, दुसरा पर्याय कोणता, हे सांगून घेतलेली संमती हीच खरी संमती. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याला स्वतःला विचारले पाहिजे. तोंडात नळी असली तरी तो मानेने होकार-नकार देऊ शकतो, पाटीवर लिहू शकतो. तो बेशुद्ध असेल तर जवळच्या नातेवाइकांना समजावून सांगितले पाहिजे. कागद इंग्रजीत असेल तर मराठीत वाचून दाखविण्याची विनंती करावी. त्यात लाज नाही.

नातेवाइकांनी एकाच माणसाला बोलण्यासाठी नेमावे आणि त्याने वहीत लिहून घ्यावे :

आमच्या माणसाला हे का हवे? व्हेंटिलेटर आणखी किती दिवस लागेल असा अंदाज आहे?

कोणत्या पद्धतीने करणार, आणि हीच का?

कोण करणार? दुर्बीण किंवा सोनोग्राफीची सोय आहे काय? अडचण आली तर सर्जन जवळ आहेत काय?

रक्त पातळ करण्याची औषधे चालू आहेत, ती केव्हा थांबविणार?

एकूण खर्च किती, आणि त्यात किट व नळी धरली आहे काय?

माणूस कितपत बरा होईल असे आपणांस वाटते?

शेवटचा प्रश्न विचारताना जीभ अडखळते. पण तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. मेंदूची इजा इतकी असेल की शुद्ध येण्याची आशाच नाही, तर गळ्यातील नळीने काय साधणार आणि घरी त्याची देखभाल कोण करणार, हे कुटुंबाने आधी बोलून घ्यावे. अशा बोलण्याला कोणी निष्ठुर म्हणू नये.

पैशाचा प्रश्न

सुईच्या पद्धतीचे किट एकदाच वापरावयाचे असते व ते महाग पडते. उघड्या शस्त्रक्रियेत किट नको, पण थिएटर व सर्जनचा आकार येतो. म्हणून स्वस्त कोणती, याचे उत्तर प्रत्येक रुग्णालयात वेगळे. उपचारापूर्वी लेखी अंदाजपत्रक मागावे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रुग्ण दाखल होताच, शिधापत्रिका व आधार घेऊन, प्रथम त्याच्याकडे जावे. २०२३ सालच्या निर्णयाने योजनेतील संरक्षण कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत वाढविले आहे. योजनेखाली नोंद झाली असेल तर बाहेरून किट आणण्यापूर्वी त्याला विचारावे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखून ठेवणे मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार बंधनकारक आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो घरात आधीच काढून ठेवावा. रांजणगाव व कुरकुंभच्या कारखान्यांतील ज्या कामगारांचा राज्य विमा कापला जातो, त्यांनी आपले विमा कार्ड ट्रंकेत न ठेवता हाताशी ठेवावे. २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावावयाचे असते. ते वाचावे.

घरी आल्यावर

काही रुग्ण नळीसह घरी येतात. पुण्यातून शिरूर साठ-सत्तर किलोमीटर, दौंड त्याहून थोडे दूर. रात्री नळी तुंबली तर पुण्याची वाट पाहता येत नाही. म्हणून रुग्णालय सोडण्यापूर्वी घरातील किमान दोघांनी सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने कफ ओढणे, आतली नळी काढून धुणे व परत बसविणे शिकून घ्यावे. एकीलाच, म्हणजे बहुधा सुनेला किंवा बायकोला, शिकवून भागत नाही. तिलाही झोप लागते.

हात साबणाने धुतल्याशिवाय नळीला हात लावू नये. कफ ओढणारी नळी आत फार खोल घालू नये व एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त ओढू नये. आतली नळी सांगितल्याप्रमाणे रोज साफ करावी. नाकाने हवा ओलसर होते, ते काम आता नाक करीत नाही. म्हणून नळीपुढे ओलसर स्वच्छ गॉज किंवा डॉक्टरांनी दिलेला फिल्टर ठेवावा, नाहीतर कफ वाळून नळी तुंबते. गळ्याच्या फितीखाली एक बोट जाईल इतकीच ती सैल असावी. त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशी दुसरी नळी उशाशी ठेवावी. कफ ओढण्याचे यंत्र विजेवर चालते आणि आपल्याकडे वीज जाते, म्हणून पायाने किंवा हाताने चालणारा पंप सोबत असावा.

चुलीचा धूर, विडी, गुऱ्हाळाचा धूर, पाचट जाळल्याची काजळी, वीटभट्टीची धूळ यांपासून रुग्णास दूर ठेवावे. आंघोळीचे पाणी नळीत जाऊ देऊ नये. श्वास अडला, ओठ निळे पडू लागले, तर आधी आतली नळी काढावी, कफ ओढावा आणि १०८ ला फोन लावावा. ट्रॅकिऑस्टॉमीचा रुग्ण आहे हे सांगावे, म्हणजे येणारे डॉक्टर तयारीने येतील.

गावोगावी आपली विहारे आहेत, महिला मंडळे आहेत. शिरूर-दौंडच्या सरकारी दवाखान्यातील एखाद्या सिस्टरला रविवारी बोलावून नळीची निगा, तोंडाने श्वास देणे, अपघाती रुग्णाची मान न हलविता त्याला उचलणे, एवढे तासाभरात शिकविता येईल. ज्या वाडीत असा रुग्ण आहे तेथील चार तरुणांनी पाळ्या वाटून घ्याव्यात, एकाने गाडीची सोय पाहावी, एकाने कागदपत्रांची. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनीही तेच केले होते. पाळ्या लावल्या आणि कोणाला श्वासासाठी एकटे सोडले नाही. आपल्या घरावर हा प्रसंग येऊ नये हीच इच्छा. आलाच, तर सही करणाऱ्याच्या शेजारी हे सारे माहीत असलेला एक माणूस उभा असावा.